पपईचा चीक आणि जुने एक्स-रे

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, रविवार, सकाळ. शुद्ध पक्ष होता म्हणून महिन्याच्या नावावरून वाद झाला नाही. वद्य पक्ष असता तर आपला महिना कुठला आणि पौर्णिमेलाच महिना बदलणाऱ्या इथल्या लोकांचा कुठला, यावर पहिला अर्धा तास गेला असता. जागा, बनारसच्या दूधविनायकाच्या गल्लीतली सरांची वरची खोली. हजर माणसं चार: ताई, म्हणजे सरांची थोरली बहीण, बगलच्या घरातल्या काकू, ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं, सरांचा शेवटचा विद्यार्थी, जो मूळचा बलियाचा आणि आता स्वतः युनिव्हर्सिटीत शिकवतो, आणि मी. काम, खोली आवरणे. सर आश्विनात गेले. संध्याकाळी चहा मागितला, चहा येईपर्यंत खुर्चीत बसल्या बसल्या गेले. हृदय.

मला आवरायला बोलावलं यात नवल नाही. सरांची माझी ओळखच आवरण्यापासून झाली.

नवऱ्याची बँकेतली बदली झाली म्हणून मी साताऱ्याहून बनारसला आले. सरांच्या प्रयोगशाळेत तांत्रिक सहायकाची जागा होती. मुलाखतीला गेले तर सरांनी माझे कागद पाहिलेच नाहीत. "फ्रिज आवरता येतो का?" म्हणाले. मी हो म्हटलं. "मग आवरा." फ्रिजमध्ये बिननावाच्या बाटल्या खच्चून भरल्या होत्या. मी सगळ्या बाहेर काढल्या, ठेवायच्या, विचारायच्या आणि फेकायच्या असे तीन गट केले आणि चिठ्ठ्या चिकटवायला लागले. सर मागे उभे राहून फेकायच्या गटातल्या बाटल्या हळूच विचारायच्या गटात सरकवत होते. शेवटी म्हणाले, "तुम्ही नावं लिहिता हे चांगलं आहे. मी नावं विसरतो. वास विसरत नाही." मला नोकरी लागली. काही महिन्यांनी ते मला 'अहो' सोडून 'अगं' म्हणायला लागले, तेव्हा मी समजले की आता कायम झाले. ऑफिसचा कागद नंतर आला.

सरांचा विषय होता प्रथिनं खाणारे एन्झाइम. 'विकर' हा त्याचा मराठी शब्द त्यांना आवडत नसे; ऐकलं की आजारी वाटतं, म्हणायचे. ते स्वतः साधं 'कात्री' म्हणत. शरीरातल्या पेशी मोकळ्या पडलेल्या नसतात, त्यांच्याभोवती प्रथिनांची घट्ट जाळी असते. जखम भरायची असली, बाळ वाढायचं असलं, की ती जाळी जागोजाग कापावी लागते. त्यासाठी शरीर कात्र्या तयार करतं, आणि प्रत्येक कात्री म्यानात घालूनच बाहेर पाठवतं. म्यान कधी काढायचं हे ठरलेलं असतं. कॅन्सरच्या गाठीत ते ठरलेलं मोडतं.

हे समजावायला ते वर्गातल्या मुलांना आमच्या गल्लीत घेऊन यायचे. खरंच घेऊन यायचे. दूधविनायकाकडून दुर्गाघाटाकडे जाताना दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटावं लागतं. मधेच एखादी गाय बसलेली असते. सर मुलांना तिथे थांबवून विचारायचे, "मान लो, इस घर का आदमी रातोरात गंगा तक अपना रास्ता बनाना चाहता है. क्या करेगा?" मुलं म्हणायची, भिंती पाडेल. "हां. पण पाडायला मजूर कुठले आणेल?" मग सरच सांगायचे, "शेजारचेच. हाच तर त्याचा हरामीपणा आहे. गाठ स्वतः फार कात्र्या बनवत नाही, बाजूच्या चांगल्या पेशींना कामाला लावते. आणि भिंत पडली की भिंतीत पुरून ठेवलेलं सोनंनाणं बाहेर येतं, वाढीचं खाद्य. ते ती खाते. मग वाढते. मग रक्तवाहिनीपर्यंत पोचते. रक्तवाहिनी म्हणजे आपली गंगा. एकदा तिथे उतरली की कुठल्या घाटाला लागेल सांगता येत नाही." तोवर गल्लीत दोन्ही बाजूंनी माणसं तुंबलेली असायची. कुणीतरी ओरडायचं, "गुरुजी, क्लास घर जाके लगाइए."

त्यांच्या उमेदीच्या काळात जगभर अशी आशा होती की या कात्र्या बंद करणारं औषध निघालं की कॅन्सर पसरणं थांबेल. सर त्या आशेत होते. औषधं निघाली, माणसांना दिली गेली. रोग्यांचे सांधे आखडले, हात वर होईनात, आणि आयुष्य काही वाढलं नाही. मी रुजू झाले तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. त्यावर सर एवढंच म्हणत, "आम्ही साऱ्या गावच्या कात्र्या जप्त केल्या. त्यात शिंपीही आले." पुढे ते कात्र्या बंद करण्याच्या मागे लागले नाहीत. कुठली कात्री, कधी, कुणाच्या हातात, एवढंच शोधत राहिले. त्याला पैसा कमी मिळतो आणि नाव तर मिळतच नाही.

विद्यार्थ्यांशी बोलताना त्यांचं एकच पालुपद असे. कुणी म्हणालं, "सर, बैंड आया था," की सर हात पुढे करत. "आया था मतलब? कहां है? बताओ मत, दिखाओ." आमच्या प्रयोगात जिलेटिन घातलेली पातळ पट्टी असते. तिच्यात गाठीचा रस सोडायचा, नंतर ती निळ्या रंगात बुडवायची. सगळी पट्टी निळी होते. जिथे एन्झाइमने जिलेटिन खाल्लं तिथे पांढरी रेघ उरते, तोच बैंड. खाणारा दिसत नाही, त्याने काय खाल्लं ते दिसतं. हा विद्यार्थी, जो रविवारी खोलीतले खोके बांधत होता, एकदा सुंदर रेघ आलेली पट्टी धुताना फाडून बसला होता. सरांनी त्याला तो प्रयोग पुन्हा करायला लावला. तो म्हणाला, आपने तो खुद देखा था, सर. सर म्हणाले, "मैंने देखा था, इससे क्या होता है?"

घरी याच्या उलट. घरी ते कशावरही काहीही करून बघत. फ्रिजचा वरचा कप्पा ताईंचा, खालचा सरांचा, आणि मधल्या कप्प्यावरून भांडण. कच्च्या पपईचा चीक, अननसाचा रस, आल्याचा रस, उंबराचा चीक. त्या कप्प्यात ताईंनी विरजण ठेवलं तर त्याची जबाबदारी ताईंची.

गुढीपाडव्याला इथल्या मराठी मंडळींची पंगत असते. एका वर्षी श्रीखंड सरांकडे आलं. त्यांनी त्यात किवी चिरून घातली. बाजारात ते फळ नवीन नवीन यायला लागलं होतं. पहिली पंगत बोटं चाटत उठली. दुसऱ्या पंगतीला श्रीखंड कडू. कारल्यासारखं. मंडळाचे चिटणीस हात जोडत पानापानावरून फिरत होते. आणि सर मध्यभागी उभे राहून आनंदाने सांगत होते, "पहिल्या पंगतीला गोड, दुसऱ्याला कडू. मधल्या वेळात काय झालं? किवीतला एन्झाइम चक्क्याचं प्रथिन कापत बसला. बारीक तुकडे झाले की ते कडू लागतात. पदार्थ तोच आहे, मंडळी. फक्त वेळ गेला."

ताई पानावरून उठून आल्या. "तू चार माणसांत बसूच नको. घरी चल."

"ताई, तू चाखून तर बघ."

"चाखलं. म्हणूनच म्हणतेय, चुपचाप चल."

त्यानंतर मंडळात सरांना फक्त पत्रावळी मांडायचं काम मिळालं. तेही ते मन लावून करत.

ताई सरांपेक्षा मोठ्या. मुलींच्या शाळेत शिकवायच्या. दोघांनीही लग्न केलं नाही. एकाच घरात राहून दिवसभर भांडायचे आणि संध्याकाळी एकाच स्टुलावर चहाचे कप ठेवायचे. ताई रोज पहाटे दुर्गाघाटावर पोहायला जात. नुसती बुडी मारून येणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. धारेला आडवं कापत जात आणि पार शिंदे घाटाच्या बाजूला निघत. तिथले नावाडी त्यांना 'मास्टरनीजी' म्हणत आणि रस्ता देत.

निवृत्तीनंतर सरांनी रविवारी खोलीत प्रयोग दाखवायला सुरुवात केली. ज्याला यायचं त्याने यावं. प्रयोगशाळेतल्या पट्ट्या घरी कुठून आणणार? म्हणून एक्स-रे. जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर जिलेटिनचा थर असतो, काळं चित्र त्या थरात बसलेलं असतं. त्यावर पपईच्या चिकाचा थेंब ठेवायचा, ओल्या फडक्याखाली झाकायचं, थोड्या वेळाने कोमट पाण्याखाली धरायचं. थेंबाएवढा काळा थर निघून जातो आणि आरपार दिसणारी गोल खिडकी पडते. बाजूला भरपूर उकळलेल्या चिकाचा थेंब ठेवायचा. तिथे काही होत नाही. लहान मुलांना ती खिडकी डोळ्याला लावून गल्ली बघायला फार आवडे.

अडचण अशी की आता हॉस्पिटलात तशा फिल्म काढतच नाहीत. नवीन फोटो संगणकावर. छापून दिले तरी त्यांवर चीक काही करत नाही. "यांना चवच नाही," सर म्हणत. म्हणून ते गल्लीतल्या घरोघरी जुने फोटो मागत फिरू लागले. लोक देत. माणूस गेला की त्याच्या औषधांबरोबर हेही एक जड पाकीट मागे उरतं. कुणी ग्रहण बघायला ठेवतं, कुणी खिडकीच्या फुटक्या काचेला लावतं, कुणी गंगेत सोडतं. सरांचा नियम होता: गेलेल्या माणसाचाच फोटो घ्यायचा, जिवंत माणसाचा नाही. आणि कोपऱ्यातली नावाची पट्टी आधी कापून बाजूला ठेवायची, नावावर थेंब टाकायचा नाही. मी त्यांना विचारलं होतं, हा विज्ञानाचा नियम की धर्माचा. "शिष्टाचाराचा," म्हणाले.

तो नियम एकदाच मोडला.

ताईंच्या जुन्या शाळेतल्या मुली रविवारी आल्या होत्या. नेहमीपेक्षा जास्त. ताईंचा जीव वर-खाली. आपल्या शाळेच्या मुली आहेत, छान झालं पाहिजे. मी कोमट पाणी आणायला खाली गेले होते, वर आले तर सर रिकामं पाकीट झटकत होते. फिल्म संपल्या होत्या. ताई म्हणाल्या, "माझा आहे ना. टीबी झाला होता तेव्हाचा. तो घे."

"नको. तू आहेस अजून."

"मी बरी होऊन किती वर्षं झाली. पोरी बसल्यात इथे, आणि तू नखरे करतोस."

ताईंनीच कपाटातून तो काढून आणला. सरांनी खिडकीत धरला. मुलींना म्हणाले, ही तुमच्या टीचरची छाती. मुली हसल्या. मग एका छोट्या पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा बघा जुना डाग. इथे लढाई झाली होती. शरीराने भोवती भिंत बांधून कुलूप लावलं. आता हा आयुष्यभर असाच राहील, काही करणार नाही." नंतर नावाची पट्टी कापली, फिल्मचे तुकडे केले, एकेका मुलीच्या हातात एकेक तुकडा दिला आणि सगळ्यांनी थेंब टाकले. प्रयोग फार छान झाला. आम्ही सगळे तिथे होतो. कुणाच्याच मनात काही आलं नाही. मुली आपापल्या खिडक्या घरी घेऊन गेल्या.

पुढच्या वर्षी ताईंच्या उजव्या स्तनात गाठ लागली.

गाठ लहान होती. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, ऑपरेशन करू, पुढची औषधं देऊ. त्याआधी बाकीचं अंग तपासायचं म्हणून छातीचा स्कॅन झाला, आणि फुफ्फुसात एक डाग निघाला. आता सगळं त्या डागावर आलं. हा गाठीतून निघून तिथे पोचलेला असेल, तर रोग पसरला आहे, मग कापण्यात अर्थ नाही, औषधांवर ठेवायचं. हा जुन्या टीबीचा असेल, तर ऑपरेशन, आणि बरं व्हायची चांगली आशा. सुई घालून तुकडा काढावा, तर डाग हृदयाच्या मागे, मोठ्या रक्तवाहिनीला लागून, आणि ताईंचं फुफ्फुस आधीच एकदा सोसलेलं. दुसरा महागाचा स्कॅनही केला. त्यात तो थोडा उजळला. टीबीचा जुना डागही असा उजळू शकतो, डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला.

"इनका कोई पुराना एक्स-रे है? दाग तब भी इतना ही था, तो बात खतम. कल ऑपरेशन की तारीख दे देता हूं."

आम्ही तिघं त्या टेबलासमोर बसलो होतो. सर म्हणाले, "था. मैंने देखा है. यही दाग था. इतना ही था."

"फिल्म लाइए."

"फिल्म नहीं है."

"खो गई?"

सरांनी काय झालं ते सांगितलं. ते काही लपवणारे नव्हते. डॉक्टर तरुण होते, सरांचं नाव ऐकून होते, त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "दाग किस तरफ था? राइट या लेफ्ट?"

"राइट," सर म्हणाले.

ताई म्हणाल्या, "डावीकडे रे. मला तेव्हा डाव्या कुशीवर पडता यायचं नाही."

स्कॅनमधला डाग डावीकडे होता. सर सांगू लागले की ते खिडकीकडे पाठ करून उभे होते, मुली समोर होत्या, फिल्म मुलींच्या बाजूने सुलट धरली होती, म्हणजे मुलींच्या उजवीकडे दिसलेला डाग… ते टेबलावरचा कागद उचलून, तसा धरून दाखवायला लागले, मग त्यांनी तो फिरवला, पुन्हा फिरवला. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मला मुलींचे हात आठवत होते, थेंब आठवत होते. डाग आठवेना.

"प्रोफेसर साहब, आपने जरूर देखा होगा," डॉक्टर म्हणाले. "पर मुझे दिखना चाहिए ना."

सरांनी कागद खाली ठेवला.

नंतरचे काही दिवस आम्ही धावपळ केली. ज्या दवाखान्यात ताईंचा टीबीचा उपचार झाला होता तिथे गेलो. एवढं जुनं काही ते ठेवत नाहीत. शाळेतल्या मुली शोधल्या. दोघींकडे तुकडे मिळाले, एकीने आपला कंपासपेटीत जपून ठेवला होता. त्यावर बरगड्या होत्या आणि एक गोल खिडकी. डागाचा तुकडा कुणाकडे गेला, कळलं नाही. मधल्या वर्षांत ताईंनी दुसरा फोटो काढलेला नव्हता. कारणच पडलं नव्हतं.

डॉक्टरांच्या बैठकीत ठरलं की खात्री नाही तोवर पसरलाच आहे असं धरायचं. ऑपरेशन नाही. औषधं द्यायची, काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करायचा, डाग बदलतो का बघायचं. त्यांचंही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

ते महिने सरांनी कसे काढले ते मी पाहिलं आहे. दुसऱ्या कुणाला कॅन्सर झाला की घरच्यांना निदान आत काय चाललंय हे माहीत नसतं. सरांनी जन्मभर तेच बघितलं होतं. मी एकदा डबा घेऊन गेले तर जिन्यात बसले होते. "औषधाने गाठ दबली आहे," मी म्हटलं. "तिची कड," सर म्हणाले. "गाठ दबली तरी कडेला काम चालू असतं. म्यानं निघत असतात. आत्ता, आपण बोलतोय तेव्हा. ताई वर बसून शेंगा सोलतेय आणि मला ते सगळं दिसतंय, अगं. नको असताना दिसतंय." मग उठून डबा घेतला आणि भाजी कसली आहे विचारलं.

पुढच्या स्कॅनमध्ये डाग होता तसाच. त्याच्या पुढच्यातही तसाच. म्हणजे जुनाच होता. पण तोवर गाठ औषधाला जुमानेनाशी झाली होती, वाढून कातडीला आणि काखेत पोचली होती. ऑपरेशन झालं, मोठं झालं. काखेतलं सगळं काढावं लागलं. ताई वाचल्या. उजवा हात सुजला तो कायमचा. त्या हाताने पाणी कापणं जमेना. नंतर काही दिवस त्या पहाटे घाटावर जाऊन पायरीवर बसत. मग तेही सोडलं. नावाडी विचारत, "मास्टरनीजी नहीं आतीं?" मी सांगत असे, थंडी आहे. उन्हाळ्यातही तेच सांगितलं एकदा.

रविवारचा प्रयोग बंद झाला. सर पुन्हा घरोघरी फिरू लागले, त्याच दारांवरून, पण आता सांगायला की जुने फोटो जपून ठेवा, जिवंत माणसांचे तर नक्कीच, कुणालाही देऊ नका. मलाही नाही. आमच्या या काकूंनीच त्यांना दारात सुनावलं होतं. "इतकी वर्षं द्या द्या करत होता, आता ठेवा ठेवा. एकदा काय ते ठरवा, म्हणजे आम्ही पलंगाखालची जागा तशी करू." सर म्हणाले, "ठेवा." पुढच्या दारावर गेले.

ताईंची तपासणी दर वर्षी कार्तिकात येते. सर पहाटेपासून रांगेत. तिथे सगळं संगणकावर असतं, तरी हटून छापील फोटो मागायचे, कर्मचाऱ्यांशी भांडायचे, आणि घरी आणून मागच्या वर्षीच्या फोटोशेजारी खिडकीत लावायचे. डावी बाजू कुठली ते कोपऱ्यात स्वतः लिहायचे. ताई मागून म्हणायच्या, "काय दिसतंय?" सर म्हणायचे, "तसंच." एवढंच बोलणं. त्या फिल्मविषयी दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. माझ्याशी बोलले, दोघंही, वेगवेगळे. सर म्हणाले, "तिने दिला खरा, पण नाही म्हणायचं काम माझं होतं." ताई म्हणाल्या, "मीच दिला ना? मग तो कशाला तोंड लपवतो?" मी इकडचं तिकडे सांगितलं नाही. भावाबहिणीच्या मधे मी कशाला, असं वाटलं. आज वाटतं, सांगायला हवं होतं का. पण सांगून काय झालं असतं हे मला ठाऊक नाही.

रविवारी दुपारपर्यंत बरंच काम उरकलं. पुस्तकं विद्यार्थ्याने बांधली, ती विभागाच्या ग्रंथालयात जातील. फ्रिजमधला खालचा कप्पा मी रिकामा केला. चीक, रस, सगळं मोरीत. धुताना वास आला तसा विद्यार्थी बाहेर गॅलरीत गेला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला. कपडे काकू घेऊन गेल्या, देणार कुणाला ते त्या ठरवूनच आल्या होत्या. ताई दिवाणावर बसून हाताला पट्टा गुंडाळत होत्या. मी समोर बसून दुसरं टोक धरलं.

"ताई, कार्तिक गेला."

"माहीत आहे."

"उद्या फोन करून तारीख घेते. मी येईन बरोबर."

"तू येशील. नीट रांगेत उभी राहशील, नीट कागद लावशील. भांडशील का त्यांच्याशी?"

"भांडेन."

"तुला नाही जमायचं." पट्टा संपला. त्यांनी पिन लावून घेतली. "तो वर्षातून एकदा मला घेऊन जायचा ना, तेवढंच त्याचं मला सॉरी म्हणणं होतं. मला कळत होतं. मी मुद्दाम उत्तर देत नव्हते. म्हटलं, येऊ दे अजून एक वर्ष, येऊ दे अजून एक. बोलून टाकलं असतं तर तो यायचा थांबला असता, असं वाटायचं." मग म्हणाल्या, "आता मी तिथे जाऊन काय करू?"

"डाग बघायचाय, ताई. गाठ परत येते का बघायचंय."

"तसंच असेल."

"ते बघितल्याशिवाय कसं सांगणार?"

ताई माझ्याकडे बघून थोड्या हसल्या. "त्याचीच आहेस," म्हणाल्या आणि खाली चहा टाकायला गेल्या.

सोमवारी सकाळी मी हॉस्पिटलला फोन लावला. पुढच्या आठवड्यातली वेळ शिल्लक होती. पलीकडून विचारलं, पेशंट आएंगी ना पक्का? मी म्हटलं, पूछकर बताती हूं. संध्याकाळी ताईंकडे गेले. त्यांनी शेवयांची खीर केली होती, ती खाल्ली. विषय काढला तर म्हणाल्या, "बघू." मंगळवारी पुन्हा गेले. "बघू म्हटलं ना." आज बुधवार. वेळ अजून कुणी घेतलेली नाही, मी सकाळीच विचारून घेतलं. ताईंची तपासणी राहिली आहे.